आकाशगंगेतली बोहारीण

संभाजीनगरात, औरंगपुऱ्यातल्या आमच्या जुन्या घरी उन्हं उतरणीला लागली की बोहारीण यायची. डोक्यावरच्या टोपलीत स्टीलची चकचकीत भांडी, खांद्यावर जुन्या कपड्यांचं भलंमोठं बोचकं. आजी फडताळातून दोन-तीन साड्या आणि आजोबांचा कोपरावर विरलेला कोट काढायची. बोहारीण एकेक कपडा उजेडात धरायची, जरीच्या काठावरून अंगठा फिरवायची आणि पुढे एक लहानशी वाटी ठेवायची. "वाटी कसली देतेस बाई, पातेलं काढ." "मग आजी, वर अजून एक लुगडं टाका." अर्धा तास हे चालायचं. पैसा एकही हलायचा नाही, आणि सौदा मात्र दोघींच्या मनासारखा व्हायचा.

कापड आणि पोलाद यांना एकत्र तोलणारी तागडी जगात नाही. कापड वार-मीटरवर मोजतात, भांडं वजनावर. तरीही त्या बाईच्या डोक्यात अशी तागडी होती, आणि तिचा काटा क्षणात स्थिर व्हायचा.

हे सगळं मला आठवलं ते सिडकोत भाच्याच्या खोलीत. तो संगणकावर 'स्टेलारिस' खेळत होता. २०१६ मध्ये आलेला हा खेळ म्हणजे अख्खी आकाशगंगा: तारे, ग्रह, जहाजांचे ताफे आणि तुमच्यासारखीच साम्राज्यं उभारणारे, संगणकाने चालवलेले शेजारी. भाच्याला जहाजं बांधायला मिश्रधातू हवे होते. त्याने शेजाऱ्याला खनिजं देऊ केली. नको. वर धान्य टाकलं. नको. आणखी थोडं टाकलं, आणि पलीकडचं साम्राज्य एकदम कबूल झालं. "मामा, ह्याला कसं कळतं गं कुठं थांबायचं?" त्याने आईला विचारायच्या सवयीने मलाच विचारलं.

खरंच, कसं कळतं? समोर बसलेल्या त्या यंत्राला ना भूक, ना घरदार, ना उद्याची काळजी. ज्याला काहीच नको आहे, तो कशाचाही भाव कसा करणार?

पहिली पायरी बोहारणीचीच आहे. प्रत्येक वस्तू एकाच मापात बसवायची. गावगाड्यात सुताराचं, लोहाराचं बलुतं ज्वारीत मोजलं जायचं. खेळांमध्ये हे माप कधी ऊर्जा असतं, कधी सोनं. 'फ्रीसिव्ह' नावाच्या खेळात हे अगदी उघड्या डोळ्यांनी बघता येतं, कारण त्या खेळाची सगळी आज्ञावली कुणालाही वाचायला मोकळी आहे. डेन्मार्कमधल्या आरहूस विद्यापीठातल्या तीन विद्यार्थ्यांनी १९९५-९६ मध्ये तो सुरू केला. खेळ सुरू होतो पृथ्वीवर, पण अल्फा सेंटॉरीकडे यान पाठवूनही तो जिंकता येतो. त्यात संगणकापुढे तहाचा कागद ठेवला, की तो प्रत्येक कलमाची किंमत सोन्यात काढतो. मिळणार ते अधिक, द्यावं लागणार ते उणे. सगळ्याची बेरीज. उत्तर शून्य किंवा त्याहून जास्त आलं की होकार, नाहीतर नकार. एवढीच ती तागडी!

पण प्रत्येक कलमापुढचा आकडा येतो कुठून? सोपा मार्ग म्हणजे दरपत्रक. स्टेलारिसच्या बाजारात ते आहे: खनिजाचा मूळ भाव १, धान्याचा १, मिश्रधातूचा ४, दुर्मीळ स्फटिकांचा १०. पण नुसत्या दरपत्रकावर चालणारं यंत्र चार फेऱ्यांत नागवलं जाईल. कोठारात धान्य सडत असतानाही ते त्याच भावाने धान्य घेत बसेल आणि उपाशी मरतानाही त्याच भावाने विकत राहील.

आता संभाजीनगरकराला हे समजावून सांगायची गरज नाही. पन्नासेक किलोमीटरवर जायकवाडीसारखं धरण, आणि तरी नळाला पाणी कितव्या दिवशी येणार याचा हिशेब आपल्या प्रत्येक घरात असतो. मे महिन्यात टँकर दारात उभा राहिला की पहिल्या हंड्याची किंमत काय? काहीही. तो पिण्याचा आहे. पाचवा स्वयंपाकाचा आणि भांड्यांचा, पंधरावा कपड्यांचा. चाळिसावा हंडा कुंड्यांना जातो, आणि टाकी भरल्यावरचं पाणी तर रस्त्यावर वाहू लागलं म्हणून आपण धावत जाऊन कॉक बंद करतो. पाणी तेच, टँकर तोच, तास तोच. मग भाव पाण्यात आहे, की आपल्या टाकीतल्या रिकाम्या जागेत?

या प्रश्नाने भल्याभल्यांना छळलं आहे. पाण्यावाचून जगता येत नाही तरी ते स्वस्त, हिऱ्यावाचून सगळं चालतं तरी तो महाग, असं का, हे कोडं अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्ये मांडलं. कार्ल मेंगर आणि विल्यम जेव्हन्स या दोघांनी १८७१ मध्ये, एकमेकांपासून दूर बसून, त्याचं उत्तर लिहिलं: भाव ठरतो तो हातात येणाऱ्या शेवटच्या हंड्यावरून. कोडं आणि उत्तर यांच्यामध्ये पंचाण्णव वर्षं गेली!

आणि १९८३ मध्ये हेच उत्तर एका खेळात पडद्यावरची एक रेघ बनून आलं. खेळाचं नाव 'म्यूल', रचना डॅनिएल बंटन बेरी यांची. इराटा नावाच्या ग्रहावर चार वसाहतवाले उतरतात. माणसं कमी पडली तर उरलेल्या जागा संगणक भरतो. (अटारी संगणकावर आलेला खेळ, ग्रहाचं नाव रोमन अक्षरांत लिहून उलटं वाचून बघा.) दर महिन्याला धान्य, ऊर्जा आणि खनिजांचा लिलाव होतो. जाधववाडीच्या बाजार समितीत पहाटे मालाच्या ढिगाभोवती व्यापारी जमतात, अडत्या पुकारा करतो आणि भाव चढत जातो, ते डोळ्यासमोर आणा. म्यूलमध्ये विकणारे पडद्याच्या वरच्या टोकाला उभे राहतात, घेणारे खालच्या. घेणारा एक पाऊल वर चढला की त्याने भाव वाढवला. विकणारा एक पाऊल खाली आला की त्याने तो उतरवला. दोघं समोरासमोर आले की सौदा पक्का. घासाघीस म्हणजे दोन माणसांनी एकमेकांकडे चालत येणं, हे इतक्या नेमकेपणाने दाखवलेलं मी दुसरीकडे कुठं पाहिलं नाही.

त्या लिलावात प्रत्येकाच्या साठ्यावर एक रेघ असते. पुढच्या महिन्याला एवढं लागणारच, अशी. साठा रेघेच्या वर असेल तर तुमच्याकडे विकण्यासारखं काही आहे. खाली असेल तर तुम्ही गरजू. लागणार किती वजा आहे किती: दुसरीतल्या मुलाला येणारी वजाबाकी. आणि तिच्यातून यंत्राच्या अंगात भूक शिरते! भुकेची जळजळ त्याला कळत नाही, पण भुकेला माणूस बाजारात कसा वागेल ते तंतोतंत कळतं. अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण आपण स्वभावाविषयी समजतो. ती खरं तर या वजाबाकीविषयी आहे.

बरं, गरजेला अजून एक गंमत जडलेली आहे. मिश्रधातू कुणी खात नाही, स्फटिक कुणी पांघरत नाही. मग त्यांची गरज येते कुठून? उलट्या दिशेने. यंत्राला हवा असतो विजय. विजयासाठी ताफा, ताफ्यासाठी मिश्रधातू, मिश्रधातूसाठी खनिजं. किंमत शेवटाकडून सुरुवातीकडे झिरपत येते. याचं सुंदर उदाहरण आपल्याच जिल्ह्यात भिंतीवर रंगवलेलं आहे. अजिंठ्याच्या चित्रांतले तांबडे-पिवळे रंग गेरू आणि पिवळी माती यांचे, काळा काजळीचा. हे सगळं हाताशी मिळत होतं. पण तिथला तो खोल निळा? तो लाजवर्दाचा, आणि लाजवर्दाच्या त्या काळच्या खाणी थेट अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या डोंगरांत. दगडाला स्वतःची भूक नाही, उपयोगही फारसा नाही. वाघूर नदीकाठच्या कुण्या चित्रकाराच्या मनात निळं कमळ होतं, म्हणून त्या निळ्या दगडाने डोंगर आणि वाळवंटं ओलांडली. खेळातला 'दुर्मीळ स्फटिक' मला तेव्हापासून परका वाटत नाही.

आता अंतराचं बघू, कारण इथे मला सर्वांत मोठा आश्चर्याचा धक्का बसला.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एका अनाम व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची एक वही लिहून ठेवली. 'पेरिप्लस' म्हणून ती ओळखली जाते. तिच्यात आपलं पैठण आहे. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. पैठणहून अकीकासारखे दगड भरपूर येतात आणि तेरहून कापड. सगळं गाड्यांवर लादून, वाट नसलेल्या मुलखातून. वीस दिवस बैलगाडी कोण हाकेल? जिथे माल मुबलक आणि जिथे तो दुर्मीळ, त्या दोन भावांमधलं अंतर वीस दिवसांची वैरण भागवून उरत असेल, तोच.

हेच अंतर १९८४ मध्ये केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी आकाशात नेलं. डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल यांचा 'एलीट'. तुम्ही एका छोट्या यानाचे मालक. ग्रहाग्रहांवर माल घेऊन विकायचा. आकाशगंगा ८, प्रत्येकीत २५६ ग्रह, म्हणजे २०४८ ग्रह, आणि प्रत्येक ग्रहावर १७ वस्तूंचा बाजार. ज्या संगणकावर हे चाललं, त्याची स्मृती होती सगळी मिळून ३२ किलोबाइट. आज तुमच्या फोनमधला 'शुभ सकाळ'चा एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही!

मग चौतीस हजारांहून अधिक भाव ठेवले कुठे? कुठेच नाही. ते साठवलेलेच नव्हते. तीन आकड्यांची बेरीज करत पुढचा आकडा, त्यातून पुढचा, असं करत प्रत्येक ग्रह, त्याचं नाव, त्याची सुबत्ता लागेल तेव्हा नव्याने जन्माला यायची, आणि दर वेळी अगदी तीच. भावाचं सूत्र तर पोस्टकार्डावर मावेल. प्रत्येक ग्रहाला ० ते ७ यातला एक आकडा: ० म्हणजे श्रीमंत, कारखान्यांचा, ७ म्हणजे गरीब, शेतीचा. प्रत्येक वस्तूला एक मूळ किंमत आणि एक पायरी. पायरीला ग्रहाच्या आकड्याने गुणा, मूळ किमतीत मिळवा, वर चिमूटभर दैव टाका, आणि आलेल्याला ०.४ ने गुणा.

करून बघू. धान्य: मूळ १९, पायरी उणे २. कारखान्यांच्या ग्रहावर भाव १९ गुणिले ०.४, म्हणजे ७.६. शेतीच्या ग्रहावर १९ उणे १४, राहिले ५, भाव २. संगणक: मूळ १५४, पायरी अधिक १४. कारखान्यांच्या ग्रहावर ६१.६, शेतीच्या ग्रहावर १००.८. आता व्यापार कसा करायचा ते तुम्हाला कुणी सांगायला नको. जाताना धान्य, येताना संगणक. उणे २ आणि अधिक १४ या दोन आकड्यांत पैठण-भडोचची अख्खी वाट बसली आहे.

आणि आता थांबून हे बघा. संगणकाची मूळ किंमत १५४. सगळ्यात जास्त पायऱ्या सात, म्हणजे ९८. बेरीज २५२. दैवाची चिमूट जास्तीत जास्त ३. एकूण २५५. एका बाइटमध्ये मावणारा सर्वांत मोठा आकडा कोणता? २५५! भांडं काठोकाठ भरलं आणि एक थेंब सांडला नाही. स्मृतीचा प्रत्येक कण पाण्यासारखा जपून वापरणाऱ्या हातांची ही कारागिरी आहे.

जागेनंतर काळ. वैजापूर-कन्नडकडच्या कांदा उत्पादकाला विचारा: आज विकावा, की चाळीत ठेवून भाव चढायची वाट बघावी? उद्याचे शंभर रुपये आजच्या किती रुपयांइतके? तो शेतकरी पाऊस, सड आणि सावकाराचं व्याज सगळं मनात घोळवून उत्तर देतो. फ्रीसिव्हच्या यंत्रालाही हे ठरवावं लागतं: जवळचा लहान लाभ घ्यावा, की लांब जाऊन मोठा? त्यासाठी त्याच्या आज्ञावलीत एक आकडा आहे, २४. लाभ एक फेरी लांबला की त्याची किंमत चोविसाव्या भागाने घटते. आजचे १०० उद्या मिळणार असतील तर त्यांची आजची किंमत सुमारे ९६. सोळा फेऱ्यांनी मिळणार असतील तर जेमतेम निम्मी. पन्नास फेऱ्यांनी मिळणारे १०० आजच्या बाराइतके. अधीरपणा म्हणून जो गुण आपण माणसात ओळखतो, तो इथे एका आकड्यात मावला आहे.

इथपर्यंत वस्तूंचं झालं. पण सौद्यात समोर कुणी तरी असतं, आणि तिथे हिशेबाला खरा रंग चढतो.

धान्य दिलं की आपलं कमी होतं. ज्ञान दिलं तर? विद्या दिल्याने वाढते, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. या खेळांमध्ये चाकाचं, बारुदाचं, यानाच्या इंजिनाचं ज्ञानही विकता येतं, आणि विकणाऱ्याकडे ते शिल्लक राहतंच. मग ते फुकट द्यावं? इथे फ्रीसिव्हचं यंत्र जे करतं ते वाचून मी खुर्चीतून उठलो होतो. घेणारा माझा मित्र असेल, तर ते निम्म्या भावात देतं, कारण मित्राकडूनही तीच अपेक्षा आहे. घेणाऱ्याला असे मित्र असतील जे माझे कुणी नाहीत, तर ते भाव चढवतं, कारण ज्ञान त्याच्याकडे थांबणार नाही. आणि घेणाऱ्याच्या मित्रांत माझा वैरी असेल, तर यंत्र धोक्याची खूण करून ठेवतं. भाव आता वस्तूत उरला नाही, गरजेतही उरला नाही. तो नात्यांच्या जाळ्यात गेला. पुणे दरबार, निजाम आणि हैदर यांच्या वकिलांनी ज्या विचारांत रात्री काढल्या असतील, तो विचार इथे पाच-सात ओळींत लिहिलेला आहे.

१९९३ च्या 'मास्टर ऑफ ओरायन'ने तर परग्रहावरच्या राजांना स्वभावच वाटले. कुणी शब्दाला जागणारा, कुणी निर्दय, कुणी परक्यांना बिचकणारा, कुणी लहरी. असे सहा स्वभाव. शिवाय सहा ध्यास: कुणाला विज्ञानाचा, कुणाला कारखान्यांचा, कुणाला विस्ताराचा. म्हणजे एकाच देवाणघेवाणीकडे बघणारी छत्तीस प्रकारची माणसं.

इतकं सगळं शिकवूनही माणूस यंत्राला गाठतो. भाच्याने काय केलं होतं आठवतं ना? एकेक चिमूट वाढवत नेली आणि नेमका होकाराचा बिंदू शोधला. बोहारीण अशी सापडली नसती. ती पातेलं पदराखाली झाकून चेहऱ्यावरची रेषही हलू देत नसे. बेरीज शून्यावर आली की लगेच 'हो' म्हणणारं यंत्र मात्र ताकाला जाऊन भांडं लपवू शकत नाही. याहून मोठी भीती फेऱ्याची. धान्य देऊन खनिज, खनिज देऊन मिश्रधातू, मिश्रधातू देऊन पुन्हा धान्य, आणि दर फेरीला हातात थोडं जास्त. भावांत अशी एक जरी फट राहिली, तर खेळाडू तिच्यातून सगळं साम्राज्य उपसून नेतो. स्टेलारिसने ही फट बुजवली ती मोंढ्यातल्या जुन्या रीतीने. बाजारात घेताना-विकताना सुरुवातीला ३० टक्के कटतात, म्हणजे अडत, हमाली आणि तोलाई आलीच म्हणा. शिवाय तुम्ही जितकं घ्याल तितका भाव चढतो, विकाल तितका पडतो, आणि हात थांबवला की हळूहळू मूळ जागी परततो. आवक वाढली, भाव पडले: आपल्या वर्तमानपत्रातलं रोजचं वाक्य आकाशगंगेतही खरं आहे.

एक वस्तू मात्र या तागडीत बसत नाही. फ्रीसिव्हमध्ये तहाच्या कागदावर शहरंही लिहिता येतात, आणि यंत्र त्यांचीही किंमत काढतं, ती भली मोठी. पण राजधानी मागितली, तर त्या जागी असा प्रचंड उणे आकडा येतो, की समोर कितीही सोनं ओतलं तरी बेरीज शून्यापर्यंत पोचत नाही.

फ्रीसिव्ह फुकट मिळतो. घरात संगणक शिकणारं कुणी असेल, तर सुट्टीत त्याच्या शेजारी बसा आणि आज्ञावलीतला तो २४ शोधा. त्याच्या जागी १२ लिहा, म्हणजे लांबच्या लाभाची किंमत आठ फेऱ्यांतच निम्मी होईल. ४८ लिहिलंत तर तेहेतीस लागतील. मग खेळ सुरू करा आणि तुमच्या शेजारच्या राजाचा स्वभाव कसा बदलतो ते बघा.